सहा माणसं, दोन रात्री आणि परका ओटा

कोकणात किंवा गोव्यात सुट्टीसाठी घर भाड्याने घेतलं की स्वयंपाकघर मिळतं, पण तिथे रोज कोणी रांधत नसतं. चहाचे बारा कप असतात आणि कांदा चिरायला धड सुरी नसते. मिक्सर असतो, त्याचं झाकण नसतं. कुकर असतो, त्याची रिंग वाळून कडक झालेली असते. त्यामुळे घरून चमचमीत मेन्यू ठरवून निघण्यात अर्थ नाही. कुकर चालला तरी जेवण होईल आणि नाही चालला तरी होईल, असा शिधा न्यावा.

खालची सगळी मापं सहा माणसांची आहेत. वाटी म्हणजे १५० मिलीची, जिच्यात साधारण १३० ग्रॅम तांदूळ मावतो. तिथली वाटी लहानमोठी निघाली तर चहाचा कप धरा. तांदळाला आणि पाण्याला भांडं एकच वापरलं की प्रमाण बिघडत नाही.

निघायच्या आदल्या दिवशीचा फोन

घरमालकाला किंवा केअरटेकरला पाच गोष्टी विचारा. गॅस आहे की इंडक्शन? कुकर किती लिटरचा? फ्रिज चालू आहे का? पिण्याच्या पाण्याचे जार येतात का? आणि घरात मासे-मटण शिजवलेलं चालतं का? शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. काही ठिकाणी अंडंसुद्धा चालत नाही, आणि बाजारातून पापलेट घेऊन आल्यावर हे कळलं तर सगळ्यांचाच विरस होतो.

इंडक्शन असेल तर एक चुंबक खिशात टाका. भांड्याच्या बुडाला ते घट्ट चिकटलं तरच भांडं चालणार. ॲल्युमिनियमचा साधा कुकर, पितळेचं पातेलं, बुडाला खोलगट झालेली कढई, यांतलं काहीच इंडक्शनवर तापत नाही. शिवाय पावसाळ्यात कोकणात वीज जाते तेव्हा इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, पण इंडक्शनचा भार त्याला पेलत नाही. अशा घरी जूनमध्ये जाणार असाल तर न शिजवता खाता येईल असं एक जेवण पिशवीत असू द्या: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, दही.

पाहुणे नसताना फ्रिज बहुतेक ठिकाणी बंद असतो. दुपारी पोचून बटण दाबलं तर नीट गार व्हायला पाच-सहा तास जातात, आणि तोवर दूध-अंडी-मासे बाहेर. म्हणून तो सकाळीच सुरू करून ठेवायला सांगा.

पाण्याकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग डाळ शिजत नाही म्हणून कुकरला नावं ठेवतात. किनाऱ्याजवळच्या विहिरींचं आणि बोअरचं पाणी अनेकदा जड असतं. त्यातल्या क्षारांमुळे डाळीचं साल आणि दाणा मऊच पडत नाही. तूरडाळ पाच शिट्ट्या होऊनही कचकचीत राहते. डाळ-तांदूळ धुवायला नळाचं पाणी चालेल, भिजवायला आणि शिजवायला मात्र जारचंच घ्या. दोन दिवसांना वीस लिटरचे दोन जार पुरतात, एप्रिल-मेमध्ये तीन सांगा.

पिशवी

तांदूळ दीड किलो (कोलम किंवा तसाच कुठलाही मध्यम दाण्याचा, बासमती नेऊ नका, पातळ बुडाच्या भांड्यात तो तुटतो), मूगडाळ अर्धा किलो, बेसन अर्धा किलो, जाडे पोहे अर्धा किलो, रवा अर्धा किलो, तांदळाचं पीठ पाव किलो, तेल एक लिटर, कांदे तीन किलो, बटाटे दीड किलो, शेंगदाणे पाव किलो, दाण्याचं कूट पाव किलो, पापड, साखर, शंभर ग्रॅम चहा. टोमॅटो, मिरच्या, कोथिंबीर, लिंबं आणि अंडी तिथेच मिळतात, ती वाहून नेऊ नयेत. दुधाचे न उघडता बाहेर टिकणारे एक लिटरचे तीन खोके घ्या. सहा जणांच्या रोज दोन-तीन वेळच्या चहाला तेवढं लागतंच.

मसाल्यांचं म्हणाल तर मोहरी, जिरं, हिंग, हळद, तिखट, गोडा मसाला आणि मीठ एवढं पुरे. मालवणकडे जाणार असाल तर मालवणी मसाला तिथेच घ्या. मिसळणाचा डबा उचलून नेऊ नका. घाटात तो उलटला की हळद मोहरीत आणि मोहरी तिखटात. छोट्या घट्ट झाकणाच्या बाटल्या बऱ्या. लसूण-आलं घरूनच वाटून, वर तेलाचा थर देऊन गार पिशवीत न्या आणि पोचल्यावर फ्रिजमध्ये टाका. दोन दिवसांत संपवायचं. तेलाखालचं लसूणवाटण उष्ण हवेत बाहेर ठेवू नये.

सामानाखेरीज एक बरी सुरी, लायटर, सांडशी, कात्री, दोन जुनी सुती फडकी, तारेची घासणी आणि चहाची गाळणी. सांडशी विसरली की गरम पातेलं टॉवेलने उतरवावं लागतं आणि टॉवेल पेट घेतो. सुरी विसरलात तर तिथली बोथट सुरी चिनीमातीचा कप उपडा करून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर घासा. एकाच कोनात, दोन्ही बाजूंनी पंधरा-वीस वेळा. टोमॅटो चिरण्याइतकी धार नक्की येते.

गाडीने जात असाल आणि डिकीत जागा असेल तर घरचा तीन लिटरचा कुकर सरळ बरोबर घ्या. बाकी सगळं नडलं तरी चालतं.

पोळ्या तिथे लाटायच्या भानगडीत पडू नका. पोळपाट नसतो, कणीक मळायला परात नसते, आणि नॉनस्टिक तव्यावर सहा जणांच्या पोळ्या भाजता भाजता सूर्यास्त निघून जातो. पहिल्या दिवसापुरत्या घरून न्या, पुढे भात, पाव आणि आसपासच्या घरगुती खानावळीतून सांगून आणलेल्या तांदळाच्या भाकऱ्या. भाकरी दुपारीच सांगून ठेवावी लागते. रात्री आठ वाजता विचारलं तर मिळत नाही.

कुकर आधी उजेडात धरा

परका कुकर तपासल्याशिवाय शेगडीवर ठेवू नये. झाकण उजेडाकडे धरून शिट्टी बसते त्या नळीतून आरपार दिसतं का बघा. दिसत नसेल तर आत कोणाचं तरी जुनं वरण सुकलेलं आहे. सुई किंवा झाडूची काडी घालून नळी मोकळी करा. सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी मेण, कागद, दुसऱ्याच आकाराची चकती असं काही दिसलं तर तो कुकर फक्त पातेलं म्हणून वापरा, झाकण न लावता.

मग दोन वाट्या नुसतं पाणी घालून चाचणी घ्या. कडेने वाफ येत असेल तर रिंग सैल झाली आहे. ती दहा मिनिटं गार पाण्यात किंवा फ्रीझरमध्ये ठेवली की थोडी आवळते आणि एका वेळचा स्वयंपाक निघतो. रिंगेला तडा गेला असेल तर हा उपाय चालत नाही. वरून वाफ संथ येत राहते पण शिट्टी उचलतच नाही, असं झालं तर आच कमी पडते आहे किंवा शिट्टी त्या कुकरची नाही. आणि बराच वेळ वाफही नाही, आवाजही नाही, तर आधी गॅस बंद करा. पाणी आटलं असेल किंवा नळी तुंबली असेल. झाकण पूर्ण गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही.

कुकर भरताना अनोळखी घरी हमखास चूक होते. डाळ-तांदळाला फेस येतो, म्हणून पाण्यासकट कुकर अर्ध्यापेक्षा वर भरायचा नाही. तीन लिटरच्या कुकरात म्हणजे जेमतेम दीड लिटर ऐवज. त्यात तिघांची खिचडी होते, सहा जणांची नाही. घरच्या पाच लिटरच्या सवयीने सगळं त्यात कोंबलं की शिट्टीतून पिवळं पाणी उडतं, ओटा माखतो आणि नळी पुन्हा तुंबते. दोनदा लावा, किंवा सरळ पातेल्यात करा.

पहिली रात्र: खिचडी

प्रवासाने दमून आल्यावर हिच्याइतकं सोयीचं काही नाही. सहा जणांना तांदूळ ३ वाट्या, मूगडाळ दीड वाटी, कांदे ३, बटाटे २, शेंगदाणे अर्धी वाटी, गोडा मसाला दीड चमचा, तिखट एक चमचा, हळद पाऊण चमचा, तेल ५ चमचे, मीठ अंदाजे अडीच चमचे. मोकळी हवी असेल तर पाणी ९ वाट्या, मऊ हवी असेल तर ११ ते १२.

डाळ-तांदूळ धुऊन अर्धा तास भिजत घाला आणि तोवर सामान लावा. तेल तापलं की मोहरी. ती पूर्ण तडतडल्यावर जिरं, हिंग, हळद. मग कांदा-बटाटा-दाणे दोन-तीन मिनिटं परतून निथळलेले डाळ-तांदूळ घाला आणि आणखी दोन मिनिटं परता. हे परतणं टाळलं की खिचडी गिचका होते. मसाला, तिखट, मीठ आणि उकळतं पाणी घालून चव बघा. पाणी या वेळी किंचित खारट लागलं पाहिजे, तांदूळ ते मीठ ओढून घेतो. पाच लिटरच्या कुकरात मध्यम आचेवर तीन शिट्ट्या, मग बंद, आणि झाकण आपोआप सुटेपर्यंत दहा-बारा मिनिटं हात लावायचा नाही. चमच्याने शिट्टी उचलून वाफ काढली की वरचा भात कच्चट राहतो आणि तळाचा फुटतो.

इंडक्शनवर कुकर लावत असाल तर सुरुवात १२०० वॉटवर करा आणि पहिली शिट्टी झाली की ६०० वर आणा. इंडक्शनची उष्णता बुडाच्या मधोमध एका वर्तुळात साठते. मोठ्या आचेवर ठेवलं तर कडेचा भात शिजायच्या आत मधला करपतो, आणि तो वास सगळ्या खिचडीला लागतो. वास लागलाच तर खरवडू नका, ढवळू नका. वरचा भाग दुसऱ्या भांड्यात अलगद काढून घ्या आणि तळाला पाणी घालून ठेवा.

कुकर नसेल तर पातेलं. त्यात पाणी साडेतेरा वाट्या, म्हणजे डाळ-तांदळाच्या तिप्पट, कारण बरंच वाफेने जातं. आधण आलं की डाळ-तांदूळ घालून मोठ्या आचेवर पाच-सहा मिनिटं, पाणी तांदळाच्या पातळीला येईपर्यंत. मग आच अगदी मंद करून वर खोलगट ताट ठेवा आणि ताटात पाणी ओता. हे पाणी दोन कामं करतं: वाफ ताटाखाली थंड होऊन परत आत ठिबकते, आणि पाणी कमी पडलंच तर वरून घालायला गरम पाणी हाताशी असतं. गार पाणी घातलं की डाळ अडते. पंधरा-अठरा मिनिटांत शिजते. पातेलं पातळ असेल तर त्याच्याखाली तवा सरकवा. इंडक्शनवर हे करता येत नाही, तिथे ३०० ते ४०० वॉटवर ठेवून दर पाच मिनिटांनी एकदा कडेने सोडवा.

तूरडाळ या सगळ्यात मुद्दाम घेतलेली नाही. कुकरविना ती तासभर खाते. वरण हवंच असेल तर मुगाचं किंवा मसुरीचं करा, उघड्या पातेल्यात वीस-पंचवीस मिनिटांत होतं. मीठ डाळ मऊ झाल्यावर घाला.

याच पातेल्यातल्या पद्धतीने कोळंबीभात होतो आणि तो कुकरातल्यापेक्षा चांगलाच होतो. तीन वाट्या तांदूळ, सोललेली अर्धा किलो कोळंबी, सहा वाट्या उकळतं पाणी. कोळंबीला हळद, मीठ, तिखट, आलं-लसूण लावून ठेवा. फोडणीत कांदा-टोमॅटो परता, तांदूळ आणि पाणी घाला, आणि पाणी आटून भाताच्या पृष्ठभागावर भोकं दिसायला लागली की मगच कोळंबी वरून पसरून झाकण. मंद आचेवर आठ-नऊ मिनिटं. सुरुवातीपासून घातली किंवा कुकरात तीन शिट्ट्या दिल्या तर कोळंबीचं रबर होतं.

पिठलं, बाटलीतलं

बेसन २ वाट्या, पाणी ६ वाट्या, कांदे ३, लसूण दहा पाकळ्या, मिरच्या सहा ते आठ, तेल ४ चमचे, मोहरी, जिरं, हिंग, हळद, मीठ, कोथिंबीर.

उकळत्या पाण्यात बेसन वैरायला सराव लागतो आणि दुसरा हात ढवळायला मोकळा लागतो. गरम पाण्यात पडलेल्या पिठाच्या ढेकळाचं बाहेरचं आवरण लगेच शिजून घट्ट होतं, आत कोरडं पीठ अडकतं, तीच गुठळी. परक्या घरात रवी नसते, फेटायला काही नसतं. तर एक लिटरची रिकामी पाण्याची बाटली घ्या. आधी दोन-अडीच वाट्या गार पाणी, मग कागदाचं नरसाळं करून अर्धं बेसन. बूच लावून अर्धा मिनिट जोरात हलवा, पातेल्यात ओता, उरलेल्या बेसनाचं तसंच करा. बेसन आधी आणि पाणी नंतर घातलं तर तळाला चिखल बसतो. उरलेल्या पाण्याने बाटली विसळून तेही पातेल्यात घ्या.

फोडणीत लसूण आणि मिरची, मग कांदा गुलाबी होईपर्यंत. त्यावर हे पीठपाणी ओतून घट्ट व्हायला लागेपर्यंत सतत ढवळा, साधारण चार मिनिटं. मग झाकण ठेवून मंद आचेवर सहा ते आठ मिनिटं वाफ काढा. इथेच घाई होते. घट्ट झालं म्हणजे शिजलं असं नाही. कच्च्या बेसनाचा वास जाऊन वर तेलाची चकाकी आली की उतरवा. गार होताना पिठलं आणखी आळतं, म्हणून ताटात हवं त्यापेक्षा थोडं पातळ असतानाच थांबावं. सोबत भाकरी, कांदा फोडून, आणि तव्यावर मिरच्या-लसूण-मीठ भाजून वाटीच्या बुडाने रगडलेला ठेचा.

मासे

बंदरावरचा लिलाव बघायची हौस असेल तर बघा, पण सहा माणसांना लागणारे मासे बाजारातल्या कोळणीकडून घ्या आणि तिच्याकडूनच साफ करून, कापून घ्या. भाड्याच्या घराच्या सिंकमध्ये खवले काढले की ते जाळीत अडकतात आणि दुसऱ्या दिवशी घरात बसवत नाही. डोळे फुगीर आणि चकचकीत, कल्ले लाल, बोटाने दाबलं तर खड्डा राहू नये. पाटीतला बर्फ मागून पिशवीत भरून घ्या, उन्हाळ्यात अर्ध्या तासात मासा मऊ पडतो.

हौशी माणसांनी बांगड्यापासून सुरुवात करावी. स्वस्त, काटा सरळ, तेल स्वतःचं, त्यामुळे तव्यावर जरा जास्त राहिला तरी कोरडा पडत नाही. सुरमईची तुकडी दीड सेंटीमीटरपेक्षा जाड घेऊ नका. पापलेट पहिल्याच प्रयत्नात तव्याला चिकटवून मोडणं म्हणजे पैसे पाण्यात.

मध्यम सहा बांगड्यांना दोन्ही बाजूंनी तीन-तीन चिरा द्या. हळद एक चमचा, तिखट तीन चमचे, आलं-लसूण वाटण एक मोठा चमचा, कोकमाचं आगळ दोन मोठे चमचे. आगळात मीठ असतं, म्हणून मीठ निम्मंच घालून चव बघा. वीस-तीस मिनिटं पुरेत. आंबटात तासन्तास ठेवला की मासा बाहेरून भुसभुशीत होतो. तळायच्या ऐन वेळी अर्धी वाटी रवा आणि पाव वाटी तांदळाचं पीठ मिसळून त्यात घोळवा आणि दाबून बसवा. आधी घोळवून ठेवला तर रवा ओला होऊन सुटतो.

तवा नीट तापवा, मग तेल, मग अर्धा कांदा सुरीला टोचून तव्यावर फिरवा. परक्या तव्याला हा उपाय फार उपयोगी. तेलात रव्याचे दोन दाणे टाकून बघा, लगेच फसफसले तर मासा सोडा. मध्यम आचेवर एका बाजूला चार-पाच मिनिटं, आणि तोवर उलथनं लावायचं नाही. खालचा थर खरपूस झाला की मासा स्वतःहून सुटतो. सुटत नसेल तर तो झालेला नाही. एका वेळी दोनच ठेवा. चार ठेवले की तवा गार पडतो, मासे पाणी सोडतात आणि तळायच्या ऐवजी उकडतात. नॉनस्टिकचा थर निघालेला असेल तर तो तवा बाजूला ठेवा आणि कढईत जरा जास्त तेलात करा.

तळण्याआधी बेडरूमची दारं बंद आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी. एसी चालू असलेल्या बंद हॉलमध्ये बांगडा तळला तर तो वास उशांत शिरतो.

जून-जुलैमध्ये यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा ताजं म्हणून जे मिळतं त्यात खाडीचं कमी आणि बर्फातलं जास्त. या दिवसांत सोड्यांची, म्हणजे सोलून सुकवलेल्या कोळंबीची, खिचडी करावी. नावाला खिचडी, डाळ नसते. ७५ ग्रॅम सोडे कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून, धुऊन, फोडणीत कांद्याबरोबर परतून तीन वाट्या तांदूळ आणि बटाट्याच्या फोडी. मीठ बेताने, सोडे कधी कधी खारट असतात.

सोलकढीसाठी नारळ खवत बसायची गरज नाही. २०० मिलीचे नारळाच्या दुधाचे दोन खोके, चार वाट्या गार पाणी, चार मोठे चमचे आगळ, ठेचलेल्या तीन लसूणपाकळ्या, एक मिरची, कोथिंबीर. ढवळून चव बघून मग मीठ. आगळ नसेल तर बारा आमसुलं वाटीभर कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करा. गरम करू नका, फाटते. आणि उरली तर फ्रिजमध्ये. नारळाचं काहीही मे महिन्याच्या दुपारी ओट्यावर टिकत नाही.

गोव्यात असाल तर

तिथे अर्धं काम पोदेर, म्हणजे पाववाला, करतो. सकाळी आणि संध्याकाळी सायकलचा भोंगा वाजला की पाव, उंडे, पोळी घ्या. तिथली पोळी म्हणजे कोंड्याचा पोकळ गोल पाव, आपली चपाती नव्हे. म्हापशाच्या बाजारात, विशेषतः शुक्रवारी, चोरीसच्या, म्हणजे डुकराच्या मांसाच्या मसालेदार सॉसेजच्या, माळा टांगलेल्या दिसतात. डुकराचं मांस खाणाऱ्यांसाठी भाड्याच्या घरातला याहून सोपा पदार्थ नाही. ४०० ग्रॅम चोरीस, चार मोठे कांदे, दोन बटाटे, बारा पाव. बाहेरची दोरी आणि आवरण काढून मण्यांचे तुकडे करा, कढईत एक वाटी पाण्यासोबत झाकून दहा मिनिटं. चरबी सुटली की कांदा-बटाटा घालून आणखी पंधरा मिनिटं. तेल, मीठ, तिखट, व्हिनेगर यांतलं काहीही घालू नका, सगळं आत आहे. कांदा कमी घातला तर मात्र खारट आणि जहाल लागतं. चोरीस मुरवलेलं असतं, शिजवलेलं नसतं, तेव्हा गुलाबी कच्चं राहू देऊ नये.

सकाळचं

पोहे अर्धा किलो, पण दोन घाण्यांत. तिथली कढई लहान असते. सगळे एकदम घातले की वाफ मधपर्यंत पोचत नाही आणि वरचे कोरडे राहतात. चाळणी नसेल तर पातेल्यात दोनदा धुऊन लगेच पाणी ओता, झाकण तिरकं लावून पूर्ण निथळा, दहा मिनिटं फुलू द्या. पाण्यात भिजत ठेवले की लगदा. उपम्याला रवा एक वाटी तर पाणी अडीच वाट्या, रवा आधी भाजलेला. भुर्जीला बारा अंडी, तीन कांदे, दोन टोमॅटो. टोमॅटोचं पाणी पूर्ण आटल्यावरच अंडी फोडा. इलेक्ट्रिक किटलीत दूध किंवा मॅगी करू नका. दूध तळाच्या पत्र्याला लागून करपतं, आणि पुढच्या पाहुण्यांच्या चहाला तो वास येतो.

महाबळेश्वर-पाचगणीला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं की तेराशे मीटरच्या आसपास पाणी साधारण ९५-९६ अंशांनाच उकळतं. ते कितीही खळखळलं तरी त्याहून तापत नाही. उघड्या पातेल्यातल्या भाताला, डाळीला, बटाट्याला, उकडलेल्या अंड्यांना किनाऱ्यापेक्षा बराच जास्त वेळ द्यावा लागतो. तिथे कुकर बरोबर न्याच.

उरलेलं आणि निघताना

रात्रीचा भात ओट्यावर झाकून सकाळी फोडणीला टाकायची सवय घरी चालून जात असेल, दमट किनाऱ्यावर नको. शिजवण्यातूनही वाचणारे काही जिवाणू उष्ण हवेत भातात वाढतात, आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करून जात नाही. जेवणं झाली की तासा-दोन तासांत पसरट भांड्यात फ्रिजमध्ये. सकाळी त्याचाच फोडणीचा भात: कांदा, मिरची, दाणे, हळद, वरून दाण्याचं कूट आणि लिंबू.

साखर, गूळ, पापड उघडे ठेवू नका. कोकणातल्या मुंग्या रात्रीत पिशवीच्या शिवणीतून आत जातात. डबा ताटलीत ठेवून ताटलीत पाणी ओतलं की सुटका. मिठात तांदळाचे पाच-सहा दाणे टाका. माशांचा कचरा वर्तमानपत्रात गुंडाळून दोन पिशव्यांत बांधा आणि तो कुठे टाकायचा ते केअरटेकरला विचारा. अंगणात ठेवला तर मांजरं रात्रीच सोडवतात.

निघताना तळणीचं उरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका, बाटलीत भरून कचऱ्यात द्या. रेग्युलेटर बंद करा. कुकरची रिंग काढून, धुऊन, कोरडी करून झाकणाशेजारी सुटी ठेवा. लावून ठेवली की ती तशीच आवळून वाळते, आणि पुढे येणाऱ्यांची खिचडी कडेने वाफ सोडत बसते.